दासगावची वाट, डोलवीचे रूळ

१

आगगाडी मोटारीला पर्याय होऊ शकेल काय, हा प्रश्न आपल्याकडे सहसा दोन प्रकारची माणसे विचारतात. ज्याच्या दारात मोटार उभी आहे तो गृहस्थ पेट्रोलचा भाव वाढला म्हणजे विचारतो, आणि शहरातल्या धुराचा व गर्दीचा हिशेब मांडणारा नियोजनकार विचारतो. माणसाला वाहन निवडता येते, हे दोघांच्याही प्रश्नातले गृहीत असते. या देशातील फार मोठ्या समाजाला ही निवड कधी मिळाली आणि कोणाच्या मर्जीने मिळाली, हे मात्र कोणी विचारीत नाही. आगगाडीचा इतिहास आजवर लिहिला गेला तो इंजिनांचा, बोगद्यांचा, गोऱ्या साहेबांच्या व देशी शेटजींच्या कर्तबगारीचा. त्या डब्यात कोण बसले, स्टेशनाबाहेर पडल्यावर त्याचे काय झाले, मोटारीच्या पायरीवरून कोणाला खाली उतरविण्यात आले, हा इतिहास आपणच लिहिला पाहिजे. तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावरून गेलेला आहे.

या लेखात मी हा प्रश्न डोलवी या एका गावाच्या आधाराने मांडणार आहे. डोलवी हे पेण तालुक्यातील, वडखळजवळचे, अंबा नदीच्या खाडीकाठचे गाव. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. आज तो रायगड आहे. शेजारीच धरमतर. गावाच्या एका बाजूस मुंबई-गोवा महामार्ग, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मध्ये पोलादाचा प्रचंड कारखाना. मी याच जिल्ह्यात महाविद्यालयात शिकवितो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. काय शिकावे हा प्रश्न आमच्यासारख्यांपुढे नंतर उभा राहतो. कॉलेजात पोहोचावे कसे हा आधी. त्यामुळे वाहतुकीचा विषय मला केवळ अर्थशास्त्राचा वाटत नाही.

२

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. त्याच वर्षी जुलै महिन्यात लंडनमध्ये बसून कार्ल मार्क्सने हिंदुस्थानविषयी एक लेख लिहिला. रेल्वेपाठोपाठ येणारे आधुनिक उद्योग येथील वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून टाकतील, आणि जातिव्यवस्था त्या श्रमविभागणीवरच उभी असल्यामुळे तिलाही हादरा बसेल, असे भाकीत त्यात होते. आपल्या चळवळीतील मार्क्सवादी मित्र ते अजून आवर्जून सांगतात. ते साफ खोटे ठरले असे मी म्हणणार नाही. ते कोठपर्यंत खरे ठरले याची हद्द मात्र आपल्याला अनुभवाने नेमकी ठाऊक आहे. ती हद्द म्हणजे स्टेशनाचे फाटक.

डब्याच्या आत काय घडले? रेल्वे कंपनीला नफा हवा होता. तिसऱ्या वर्गाच्या बाकांवर जातवार भिंती घालणे तिला परवडणारे नव्हते. ज्याने तिकीट काढले तो बसला. सवर्णांनी नाके मुरडली, घरी गेल्यावर अंघोळी केल्या, पण गाडी सोडली नाही. कंपनीला समतेचे प्रेम होते असे कोणी समजू नये. त्याच कंपन्यांच्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे ठेवलेले असे, आणि अस्पृश्याने कोणते पाणी प्यावे याचे उत्तर त्या पाट्यांवर नव्हते. ज्या भोर घाटातून ही गाडी पुण्याकडे चढली त्या घाटात १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर खपत होते, आणि पटकीने त्यांतले कितीतरी तेथेच संपले. त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शेकडो वर्षांत प्रथमच अस्पृश्याला एक अशी जागा मिळाली की जेथे पैसे टाकल्यावर जात न सांगता बसता येत होते.

फाटकाबाहेर काय होते हे पाहण्यासाठी आपण १९०१ सालच्या मसूर स्टेशनावर जाऊ. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणीवजा लेखनात हा प्रसंग नोंदविला आहे. वडील नोकरीनिमित्त कोरेगावला, मुले साताऱ्याला. सुटीत वडिलांकडे जायला म्हणून लहानगा भीमराव, त्यांचा भाऊ व सोबतची मुले साताऱ्याहून गाडीत बसली. नवे कपडे, हातात तिकीट, मोठा आनंद. गाडीने त्यांना मसूरला विनातक्रार आणून सोडले. पाठविलेले पत्र न पोहोचल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि मुले महार आहेत हे कळताच तो मागे सरला. बाहेर बैलगाड्या भाड्याने मिळत होत्या. पण एकही गाडीवान त्यांना बसवून घेण्यास तयार होईना. दुप्पट भाड्यालाही नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की, मुलांनी दुप्पट भाडे द्यावे आणि गाडी स्वतःच हाकावी; गाडीवान बाजूने पायी चालेल. रात्रभर तो प्रवास चालला, आणि वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. आता तो मुलगा परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला बॅरिस्टर आहे, सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचा सभासद आहे. आगगाडीने तो चाळीसगावला सन्मानाने उतरतो. स्टेशनाहून महारवाड्यात जायला टांगा हवा, तर टांगेवाला म्हणतो, महाराला बसवून टांगा हाकणे माझ्या इज्जतीला शोभत नाही. पुन्हा तीच तोड: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. वस्तीतील एका अननुभवी माणसाने लगाम धरला, मोरीवर घोडा बुजला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. टांगेवाला गरीबच होता. पण बॅरिस्टरहून आपण वरचे आहोत असे त्याला वाटू शकत होते, आणि ते वाटणे टिकविण्यासाठी त्याने हक्काच्या भाड्यावर पाणी सोडण्याचीही तयारी ठेवली होती.

हे दोन प्रसंग आपण अनेकदा वाचले आहेत. अस्पृश्यतेचा दाखला म्हणून आपण ते सांगतो. त्यांत वाहतुकीच्या इतिहासाचा एक धडाही आहे, तिकडे आपले लक्ष गेलेले नाही. ‘स्वतः गाडी हाकणे’ ही गोष्ट आज स्वातंत्र्याची, प्रतिष्ठेची खूण म्हणून विकली जाते. आपल्या वाट्याला ती प्रथम आली ती बहिष्कार म्हणून. दुसरा कोणी आपल्याला वाहून न्यायला तयार नव्हता म्हणून दुप्पट पैसे मोजून आपण स्वतः बैल हाकले, आणि त्यात पाय मोडून घेतला. ज्या समाजात वाहन खासगी मालकीचे असते, त्या समाजात मालकाची जात वाहनाला चिकटते. आगगाडी त्याच काळात, त्याच माणसाला, इतरांइतक्याच भाड्यात, काही न विचारता नेत होती. चारचौघांच्या बरोबरीने, चारचौघांच्या भाड्यात वाहून नेले जाणे हा नागरिकत्वाचा एक भाग आहे, आणि या देशात तो आपल्याला सर्वांत आधी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात मिळाला.

अर्थात ‘बसू दिले’ म्हणजे ‘आपले मानले’ असे नव्हे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित वर्गाच्या कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे सुप्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साध्या पोर्टरची जागाही मिळत नाही, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावीत अशी अपेक्षा असते, आणि मास्तर सवर्ण असतो. रूळ आमच्या खांद्यावर, पण फलाटावर जागा नाही, अशी ही व्यवस्था होती. या इतिहासाचे दोन्ही भाग एकत्र पाहिले तरच आगगाडीबद्दल आपल्याला खरे बोलता येईल.

३

आता धरमतरकडे येऊ. मुंबईहून कुलाबा जिल्ह्यात उतरण्याची जी रुळलेली वाट होती ती धरमतरची. बोटीने खाडीतून धरमतरला यायचे आणि तेथून मोटारीने वडखळ, नागोठणे, माणगाव करीत महाड गाठायचे. आज डोलवीच्या कारखान्याचा माल ज्या खाडीतून ये-जा करतो तीच ही खाडी.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली आणि चवदार तळ्याचे पाणी आपण प्यालो. पुढे झालेला हल्ला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’, नगरपालिकेने फिरविलेला ठराव हे सर्व सर्वांना माहीत आहे. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. मुंबईहून बाबासाहेब व प्रतिनिधींना महाडला पोहोचायचे होते. धरमतरची वाट जवळची होती. तरी त्यांनी ती सोडली. २४ डिसेंबर रोजी ‘पद्मावती’ बोटीने ते निघाले ते लांबच्या सागरी मार्गाने दासगाव बंदराकडे. कारण सरळ होते. धरमतरला उतरले तर पुढचा सगळा रस्ता मोटारवाल्यांच्या हातात. ऐनवेळी त्यांनी बहिष्कार घातला, किंवा गावातील पुढाऱ्यांनी त्यांना घालायला लावला, तर शेकडो माणसे वाटेतच अडकून पडतील. दासगावहून महाड पाच मैल. कोणी मोटार दिली नाही तरी पाच मैल पायी चालता येतात. २५ डिसेंबरला दासगावला उतरून ही माणसे महाडला गेली, आणि त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

मनुस्मृतीच्या दहनावर आपण शेकडो लेख लिहिले आहेत. त्यापूर्वीचा हा प्रवासाचा निर्णय तितकाच विचार करण्याजोगा आहे असे मला वाटते. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव पाहा. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारी व सार्वजनिक संस्थांनी चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले ते त्या ठरावानुसार. खासगी मोटार या ठरावाच्या कक्षेत येत नव्हती. तळे सार्वजनिक होते म्हणून त्यासाठी सत्याग्रह करता आला, कोर्टात लढता आले, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो लढा जिंकताही आला. मोटारमालकाने ‘जागा नाही’ म्हटले तर दाद कोठे मागणार? म्हणून बाबासाहेबांनी प्रवासाचा आराखडा असा आखला की शेवटचा टप्पा कोणाच्याही मर्जीवर राहू नये. व्यवहार्यता म्हणतात ती ही. अंतर लांब, वेळ जास्त, तरी वाट व्यवहार्य. कारण ती तोडणे कोणाच्या हातात नव्हते. आज जे लोक मिनिटांचा हिशेब करून आगगाडी ‘प्रॅक्टिकल’ नाही म्हणतात, त्यांनी व्यवहार्यतेचा हा अर्थही समजून घ्यावा.

समुद्राची वाटही निर्धोक होती असे नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणातील गरीब माणसाला मुंबईच्या गिरणीत, गोदीत पोहोचायला पावसाळ्यातही दुसरा परवडणारा मार्ग नव्हता, हे त्या दुर्घटनेमागचे सत्य आहे.

४

स्वातंत्र्यानंतर मोटारमालकाच्या मर्जीला पहिला शह दिला तो एस.टी.ने. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली एस.टी. धावली. खासगी मोटारी जाऊन सरकारी गाडी आली. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक वाहनात अस्पृश्य म्हणून मज्जाव करणे हा गुन्हा ठरला. कंडक्टरला तिकीट मागता येते, जात विचारता येत नाही, ही गोष्ट आज इतकी सवयीची झाली आहे की तिच्यामागे किती माणसांची पायपीट आहे हे नव्या पिढीच्या ध्यानातही येत नाही. आपल्या खेड्यांतून पहिले मॅट्रिक, पहिले तलाठी, पहिले शिक्षक बाहेर पडले ते या लाल गाडीने.

आगगाडी मात्र कोकणाच्या उंबरठ्यावर कित्येक वर्षे उभीच राहिली. ठाण्याला १८५३ साली पोहोचलेली गाडी दिवा-पनवेलमार्गे आपट्याला पोहोचली १९६६ साली, आणि पेणवरून रोह्याला पोहोचायला १९८६ साल उजाडले. ठाणे ते रोहा हे अंतर काही तासांचे. त्याला १३३ वर्षे लागली. तीही आली ती मुख्यतः या भागात उभ्या राहिलेल्या कारखान्यांची गरज म्हणून. माणसे येथे आधीपासूनच होती. त्यांची गरज कोणाला दिसली नव्हती. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे. तिचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव या मार्गाशी कोकणी माणूस कृतज्ञतेने जोडतो, आणि ते योग्यच आहे. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या बसविण्याचे काम सुरू केले ते दंडवत्यांनीच. तिसरा वर्ग १९७४ साली कागदावरून गेला होता. पाठीला टोचणारे लाकूड त्यानंतर जाऊ लागले. मंत्र्याने मनावर घेतले तर साध्या माणसाचा प्रवास बदलतो, याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही.

कोकण रेल्वेच्या मूळ भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्राचा २२ टक्के होता. म्हणजे राज्यांत सर्वांत मोठा. या मार्गावरून केरळ-कर्नाटकाच्या गाड्या सुसाट जातात. जाव्यात, त्या प्रवाशांशी आपले वैर नाही. पण बहुतांश मार्ग एकेरी असल्यामुळे दुसऱ्या गाडीला वाट द्यायची ती कोणी, हा प्रश्न रोज उभा राहतो आणि त्याचे उत्तर रोज एकच असते. पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी राहते. वर्णव्यवस्थेत जो खाली त्याने वाट सोडायची, ही रीत वेळापत्रकालाही कोणी शिकवावी लागली नाही.

आणि डोलवी? डोलवीच्या कारखान्याची उभारणी १९९० च्या दशकात झाली. २०१० साली तो जिंदल समूहाच्या ताब्यात आला, आणि आज त्याची वार्षिक क्षमता एक कोटी टन पोलादाची आहे. ज्या धरमतरला एके काळी प्रवासी बोटी लागत तेथे आता कोळशाचे आणि लोहखनिजाचे बार्ज लागतात. कारखान्याचा माल रुळांवरूनही जातो. थळच्या खत कारखान्यासाठी पेणहून स्वतंत्र लोहमार्ग टाकला गेला. त्यावरून मालगाड्या धावतात. अलिबागपर्यंत प्रवासी गाडी सुरू करा, ही मागणी वर्षानुवर्षे होते, आश्वासने दिली जातात, आणि मालगाड्याच धावत राहतात. म्हणजे या परिसरात आगगाडी व्यवहार्य आहे की नाही हा प्रश्न कोळशाच्या, पोलादाच्या आणि युरियाच्या बाबतीत केव्हाच सुटलेला आहे. तो शिल्लक आहे तो माणसाच्या बाबतीत. डोलवीच्या माणसाला गावात प्रवासी स्थानक नाही. त्याला पेण किंवा कासू गाठावे लागते, आणि तेथपर्यंत मिनीडोर, एस.टी. किंवा कोणाची तरी मोटारसायकल.

५

आता मूळ प्रश्नाला भिडू. डोलवीच्या परिसरातून मुंबई, ठाणे, पनवेल किंवा महाडला जाणाऱ्याला आगगाडी खरोखर उपयोगाची आहे काय?

आधी रस्त्याचा हिशेब. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. त्यानंतर एक पिढी शाळेत गेली आणि कॉलेजातून बाहेर पडली. खड्डे, वळणरस्ते आणि वडखळची कोंडी हाच तिचा महामार्ग. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. जवळपास २२ किलोमीटरचा, देशातील सर्वांत लांब. त्यावर मोटारसायकलला आणि रिक्षाला मज्जाव आहे, आणि मोटारीचा एकेरी टोल उद्घाटनाच्या वेळी २५० रुपये होता. वेगाने जाणाऱ्या रस्त्यावर दुचाकी धोक्याची, हे कारण मला समजते. पण आपल्या वस्तीतील मुलाच्या ऐपतीत बसते ते वाहन मोटारसायकलच. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या सर्वांत जवळच्या वाटेवर गरिबाचे वाहन चालत नाही, ही वस्तुस्थिती कारण सांगितल्याने बदलत नाही.

आता रुळांचा हिशेब. पनवेल ते पेण ३५ किलोमीटर, पेण ते रोहा ४०. मार्ग दुहेरी झालेला आहे, विजेचा झालेला आहे. २०१८ साली पेणपर्यंत मेमू गाडी आली. म्हणजे गाडी चालविण्यासाठी जे जे लागते ते तयार आहे. रस्त्यावर वडखळला तासभर अडकणाऱ्याच्या शेजारून ती न अडकता जाते, आणि तिकीट मोटारीच्या पेट्रोलाच्या एका लहान अंशाइतके. तरी माणसे रस्त्यावर का? कारण पेणहून दिवसाकाठी फेऱ्या मोजक्या. एक चुकली तर तासन्‌तास दुसरी नाही. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या पेणला थांबत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या सुरू झाल्या त्या ‘विशेष’ होऊन, आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० झाले. तेच डबे, तीच चाल, तेच थांबे. नाव तेवढे बदलले आणि मजुराच्या खिशातून तिप्पट पैसे गेले. जुने भाडे परत आले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर टाळेबंदीनंतर दिव्याहून सुटू लागली. ती दादरला परत न्या, असे कोकणातील प्रवासी सतत सांगत आले आहेत. दादर आणि दिवा यांत नकाशावर बोटभर अंतर आहे. डोक्यावर तांदळाचे पोते आणि काखेत मूल घेऊन दिव्याच्या जिन्यावरून लोकल पकडणाऱ्या बाईला ते किती आहे, हे तिलाच विचारावे.

यातून निष्कर्ष निघतो तो असा. डोलवीहून आगगाडी अव्यवहार्य आहे ती अंतरामुळे नाही, तंत्रामुळे नाही, खर्चामुळेही नाही. ती वेळापत्रकामुळे आहे, आणि वेळापत्रक निसर्गाने दिलेले नसते. ते कोणीतरी बसून तयार करतो. आधी गाड्या कमी ठेवायच्या, मग प्रवासी कमी म्हणून बोट दाखवायचे. ही युक्ती आपल्याला शाळांच्या बाबतीत ओळखीची आहे. वस्तीची शाळा पटसंख्येसाठी बंद होते आणि पट का घटला हे कोणी सांगत नाही.

याचा परिणाम कोणावर होतो तेही सांगितले पाहिजे. माझ्या वर्गात पहिल्या तासाला काही बाके रोज रिकामी असतात. ती मुले आळशी नाहीत; त्यांची गाडी तेव्हा पोहोचत नाही. मुलींच्या बाबतीत तर शेवटची गाडी किती वाजता आहे यावर शाखा ठरते. प्रयोगशाळेचे तास संध्याकाळपर्यंत चालतात म्हणून विज्ञान सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. विटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला तर कोणतेच वेळापत्रक नाही. मुकादम ट्रक पाठवील तेव्हा त्यात मागे बसून जायचे. ज्याचे वाहन त्याचा माणूस, हे १९२७ सालचे सत्य तेथे आजही जसेच्या तसे उभे आहे.

६

यावर आपल्याच तरुणांकडून एक आक्षेप येतो, आणि तो मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, सर, आमच्या बापाने आयुष्यभर फाट्यावर उभे राहून वाट पाहिली. आता आम्ही हप्त्याने का होईना गाडी घेतली, तर तुम्ही आम्हाला पुन्हा पॅसेंजरमध्ये बसा म्हणता? हा प्रश्न स्वाभिमानाचा आहे. ज्या समाजात आपल्या नवरदेवाने घोड्यावर बसणेही अजून कोठे कोठे खपत नाही, तेथे दारात उभी असलेली स्वतःची गाडी हे नुसते यंत्र नसते. ती घेऊ नका असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनीही मोटार वापरली. पण एक भेद ध्यानात ठेवावा. एकट्याने मिळविलेली गाडी एकाला मोकळे करते, तीही हप्ते थकेपर्यंत. सार्वजनिक गाडी वस्तीला मोकळे करते. म्हातारी आई, शाळेतली बहीण, गाव सोडून मजुरीला जाणारा भाऊ, यांच्यासाठी मोटारसायकलवर जागा नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ४ मे २०१४ रोजी नागोठणे-रोहा दरम्यान दिवा-सावंतवाडी पॅसेंजर रुळांवरून घसरली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. तेव्हा आगगाडी म्हणजे निर्धोक, असे मी भाबडेपणाने म्हणणार नाही. रूळ तपासणारा गँगमन (आता त्याला ट्रॅकमन म्हणतात) पुरेसा असला पाहिजे, त्याला सुटी, पगार आणि बढती मिळाली पाहिजे. मनमाडची मागणी आणि प्रवाशाची सुरक्षितता या एकच मागणीच्या दोन बाजू आहेत.

तिसरा आक्षेप असा की एस.टी. आहेच. आहे, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिच्यात अर्धे तिकीट आहे, हे चांगलेच झाले. पण २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कामगारांचा संप चालला तेव्हा खेड्यांचे काय झाले ते आपण पाहिले. कामगारांची मागणी न्याय्य होती. शिकण्यासारखे हे की एकाच दोरीला लटकलेला समाज ती दोरी तुटली की पडतो. आगगाडी आणि एस.टी. या एकमेकींच्या स्पर्धक नाहीत. गाडी फाटकापर्यंत नेते, आणि मसूरचा, चाळीसगावचा अनुभव सांगतो की घात होतो तो फाटकाच्या बाहेर. पेण, कासू, नागोठणे, रोहा या स्थानकांवर गाडीच्या वेळेला एस.टी. उभी असेल, तरच डोलवीच्या माणसाला आगगाडी आपली वाटेल.

मागण्या म्हणून हे सगळे सोपे आहे. दिवा-रोहा मार्गावर सकाळ-संध्याकाळ जादा फेऱ्या. लांबच्या गाड्यांना पेणला थांबा आणि त्यांत पुरेसे बिनआरक्षित डबे. रत्नागिरी पॅसेंजर दादरला. थळच्या मालमार्गावर प्रवासी गाडी, आणि वाटेत खाडीकाठच्या गावांसाठी थांबा. ही मागणी आपल्या एकट्यांची राहू नये. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे याच खाडीपलीकडे चरीच्या आगरी कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला, आणि त्यांच्या खोतीविरोधी लढ्याच्या पाठीशी बाबासाहेब उभे राहिले. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयकही मांडले. आगरी, कोळी, कातकरी, बौद्ध यांना एकत्र बसायला येथे जुनी जागा आहे. फलाट ही तशीच दुसरी जागा होऊ शकते.

शेवटी एक तातडीचा मुद्दा. २०२७ हे महाडच्या सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष. मार्चमध्ये आणि डिसेंबरमध्ये देशभरातून माणसे महाडकडे येणार. ६ डिसेंबरला दादरसाठी रेल्वे विशेष गाड्या सोडते, तेव्हा फुकट्या प्रवाशांच्या बातम्या छापणाऱ्यांची लेखणीही दरवर्षी सरसावते. ती यावेळीही सरसावेल. तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही. महाडला जवळचे स्थानक वीर, दासगावच्याच परिसरातले. वीरला थांबणाऱ्या बिनआरक्षित विशेष गाड्या आणि तेथून महाडपर्यंत एस.टी., ही मागणी प्रत्येक शाखेने, वाचनालयाने, विद्यार्थी संघटनेने आतापासून लेखी स्वरूपात रेल्वेकडे आणि परिवहन महामंडळाकडे पाठविली पाहिजे. १९२७ साली ती माणसे दासगावहून पाच मैल चालली, कारण त्यांना मोटारमालकावर विसंबता येत नव्हते. शंभर वर्षांनंतर त्यांच्या नातवंडांना सरकारवर विसंबता येते की नाही, हे त्या अर्जांच्या उत्तरावरून समजेल.